भिंतीकडची फट

जावयाने सासूच्या घरी यावं, चहा प्यावा, दोन गोड शब्द बोलावेत आणि उठावं. येऊन लाकडाची नाडी बघत बसू नये. एवढी साधी गोष्ट आपल्या जावयाला कळत नाही, ही बाईंची तक्रार होती, आणि तक्रार मनात साठवून ठेवण्याची सवय बाईंना नव्हती.

"मी विचारते, जावई आहे की लाकडाचा डॉक्टर?" भाजी निवडता निवडता त्यांनी लेकीला गाठलं. "रोज येतो. एकेका फळीला ते दोन सुयांचं यंत्र टोचतो, आकडा बघतो, 'हं' म्हणतो आणि पुढच्या फळीकडे वळतो. तापाने फणफणल्यात का त्या? पंधरवडा होत आला, दिवाणखान्यात आडव्या पडल्यात. मला माझ्याच घरात खेकड्यासारखं तिरकं चालावं लागतंय."

"आई, ओल मोजतो तो. गोदामातून आलंय लाकूड, घराच्या हवेला रुळू दे म्हणतो. न रुळता ठोकलं तर पुढे वाकतं."

"मला नाही कुणी रुळू दिलं. पाऊल टाकलं त्याच दिवशी सासूने हातात झाडू दिला."

"म्हणून तर," लेक म्हणाली आणि टोपलीत तोंड घालून हसली.

"म्हणून तर काय?"

"काही नाही. ही जुडी किडकी निघाली."

बाईंनी जुडी हिसकावून घेतली, उलटीपालटी केली, आणि किडीचा पत्ता नाही हे बघून लेकीच्या हातावर एक चापट दिली. जोरात नाही. कारण लेक गेले काही दिवस हसत होती ती ओढूनताणून, हे त्यांना दिसत होतं. त्याचं कारण बाईंच्या कमरेला लटकत होतं.

ती खालच्या दुकानाची किल्ली होती. बाईंचे यजमान त्या दुकानात छत्र्या दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून दुकानाला कुलूप, आणि कुलपावर सगळ्यांचा डोळा. थोरल्या मुलाला ते औषधवाल्याला भाड्याने द्यायचं होतं. सुनेला तिथे शिकवणी हलवायची होती, म्हणजे तिच्या विद्यार्थ्यांच्या चपला स्वयंपाकघराच्या दारातून जातील. आणि जावयाला तिथे कारखाना थाटायचा होता. बँकेतली चांगली खुर्ची सोडून हा गृहस्थ लोकांच्या घरात लाकडी जमिनी घालायला निघाला होता. त्याची करवत, रंधा मारायचं यंत्र, सगळा पसारा एका मित्राच्या गॅरेजात पडलेला, आणि मित्राने आता नवी गाडी घेतली होती. जागा मिळाली नाही तर यंत्रं विकायची आणि पुन्हा काउंटरमागे जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं.

बाईंनी सगळ्यांसमोर निकाल दिला होता. "माझ्या दिवाणखान्यात जमीन घालून दाखवा. मनासारखी झाली तर किल्ली तुमची. नाही झाली, तर या घरात लाकडाचं नाव काढायचं नाही."

लाकूड निवडलं तेही त्यांनीच. त्या दिवशी टेबलावर नमुन्यांची रांग लागली होती. थोरल्याने आपला एक तुकडा मध्येच सरकवला. "हे बघ, आई. हुबेहूब लाकूड. आणि स्वस्त."

बाईंनी दुकानाची किल्ली काढली आणि तुकड्यावर एक ओरखडा ओढला. खालून भुसा डोकावला.

"वर फोटो, आत भुसा," त्या म्हणाल्या. "फोटोवरून भुलून लोक लग्नं करतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात. घे हे परत."

सुनेने अक्रोडाची काळपट फळी पुढे केली. "ही बरी, आई. हिच्यावर मळ दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे जातो होय गं?"

मग त्यांनी चपला काढल्या, नमुने जमिनीवर मांडायला लावले, डोळे मिटले आणि लेकीचा खांदा धरून अनवाणी त्यांच्यावरून चालत गेल्या. सागावर थोड्या थांबल्या. ओकवर उभ्याच राहिल्या.

"ही. हिच्यावर पाय निवांत पडतो."

"वा, आई! ओक म्हणजे काय आहे, त्याचे धागे..." जावयाने सुरुवात केली.

"पायांनी सांगितलं मला. तुम्ही नका सांगू."

तर असं ते ओकचं लाकूड एकदाचं रुळलं. एका सकाळी जावयाने सुया टोचल्या, 'हं' न म्हणता 'झालं' म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. लक्ष ठेवायला, असं त्या म्हणाल्या. पण नातेवाइकांचे फोनसुद्धा त्यांनी त्या दिवसांत घेतले नाहीत.

कारण बघण्यासारखं होतं. आधी त्याने सगळ्या फळ्या सुट्याच मांडल्या, गाठीवाल्या एकमेकींपासून लांब, फिकट गडदांच्या मध्ये, आणि मागे सरकून डोकं तिरकं करून बघत बसला. एक उचलली, दुसरीकडे नेली.

"ती बरी होती की तिथे," बाई म्हणाल्या.

"या दोघी शेजारी नकोत, आई. दोघींनाही गाठ आहे. सगळ्यांचं लक्ष तिथेच जाईल."

बाईंना एकदम आपल्या दोन नणंदा आठवल्या. उत्तर पटलं होतं, पण चेहऱ्यावरची माशी त्यांनी उठू दिली नाही. मग ठोकाठोक सुरू झाली. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ. जीभ खाचेत घालायची, मध्ये टाकाऊ तुकडा धरून लाकडी हातोड्याने ठोकायचं, की दोघी अशा मिटायच्या की केस जायचा नाही. खिळा तिरका जिभेत, वरून दिसणार नाही. बाई मनातल्या मनात म्हणाल्या, 'हाताला वळण आहे मेल्याच्या.' मनातल्या मनात म्हणायला हरकत नव्हती.

शेवटच्या दिवशी मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. भिंतींच्या कडेने त्याने लाकडी पाचरी लावून ठेवल्या होत्या, त्या काढल्या, आणि मागे उरली फट. करंगळी जाईल एवढी, खोलीच्या चारही बाजूंनी.

आता बाईंच्या घरात फट म्हणजे काय, हे गल्लीला ठाऊक होतं. फटीतून मुंग्या येतात, गार वारा येतो, नाणं पडलं तर परत येत नाही. या घरातली मुलं बोलायला शिकण्याआधी फटी बुजवायला शिकली. खिडकी, चौकट, कपाटाची मागची बाजू, जिथे दिसेल तिथे चिंधी, कागद, मेण. शाळेतल्या बाकाची फटसुद्धा थोरल्याने एकदा बुजवली होती आणि त्यात मास्तरांचा खडू गेला होता.

"जावईबापू, हे काय?"

"काय, आई?"

"ही फट."

"ती हवीच. माझ्यावर सोडा तुम्ही. वरून पट्टी बसली की दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही म्हणजे नाही का?"

जावई हसला आणि हत्यारं भरायला लागला. लाकडाच्या एका गाठीवर दिवे लागेपर्यंत बोलणारा माणूस, पण त्या फटीवर त्याने अर्धं वाक्यसुद्धा खर्च केलं नाही. पट्ट्या उद्या घेऊन येतो म्हणाला, आणि उद्या आला तो पट्ट्यांचा टेम्पो आणि लेकीचा निरोप. त्याची दाढ सुजली होती. एका गालाचे दोन झाले होते.

"त्यात काय," थोरला म्हणाला. "पट्ट्या मी मारतो. खिळा ठोकायला काय पदवी लागते?"

"तेवढंच आपलं नाव लागेल जमिनीला," सून म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, ते त्या नवराबायकोचं त्यांना ठाऊक.

त्या दुपारी बाई घरात एकट्या होत्या. नव्या जमिनीवरून त्या दोनदा चालून आल्या. पाय खूश होते, डोळे सारखे कडेला जात होते. संध्याकाळी थोरला येणार, फट बघणार, आणि गल्लीभर सांगत सुटणार की जावयाचं माप चुकलं. खदाखदा हसणार. मुंग्यांसाठी, असं बाईंनी स्वतःला बजावलं आणि ट्रंकेतली लाल ठिपक्यांची दुलई काढली. तिच्याखाली सगळी मुलं झोपली होती. आता ती नुसती जाळी झाली होती. तिच्या पट्ट्या फाडल्या, गुडघे टेकले, आणि कपाटाकडची भिंत भाकरी थापावी तशी अंगठ्याने दाबत दाबत ठासून भरली. एकच भिंत. बाकीच्या तिन्हींना गुडघ्यांनी नकार दिला. संध्याकाळी सून आणि लेकही मदतीला लागल्या, आणि थोरल्याने सगळीकडे पट्ट्या मारल्या तेव्हा बाईंनी 'छान' म्हटलं आणि तो विषय मिटवला.

मग हवा बिघडली. आठवडाभर ऊन नाही. कपडे दोरीवर नुसते लोंबत राहिले, मीठ डब्यात चिकटलं, पापुद्रे सुटल्यासारखं आभाळ दिवसभर खिडकीशी येऊन बसलं. आणि नेमक्या त्या रविवारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. किल्लीचा निकाल. साक्षीला धाकटे दीर, निवृत्त पोस्टमन. उभा जन्म लोकांच्या दारात उभं राहण्यात गेल्यामुळे ते आता कुठेही गेले की आधी बसायला मागत.

"वहिनी, जमीन झकास झालीय हो," दीर आत येत म्हणाले, दोन पावलं टाकली, आणि चालता चालता एकदम चढ लागल्यासारखे पुढे झुकले. "अरेच्चा! इथे काय आहे?"

सगळ्यांनी बघितलं. खोलीच्या मधोमध, सतरंजीखाली मांजर शिरावं तशी, जमीन वर आली होती.

सुनेने टेबलावरचं संत्रं उचललं आणि त्या उंचवट्यावर ठेवलं. ते डुलत डुलत दिराच्या पायाशी आलं.

"मी म्हटलं होतं," थोरला म्हणाला. "दोन महिन्यांत बोंब होईल म्हटलं होतं. मी तर म्हणतो, दोन महिनेसुद्धा नाही टिकली."

"दादा, तोंड सांभाळ," लेक म्हणाली.

"मी कशाला सांभाळू? औषधवाल्याला मी काय सांगू, थांबा, आमच्याकडे अजून डोंगर तयार होतोय?"

जावई दारात उभा होता. गाल उतरला होता, पण चेहऱ्याचा रंगही उतरला होता. त्याने बायकोकडे बघितलं, आणि बायको जमिनीकडे बघत राहिली. बाईंना ती दोघं एका क्षणात म्हातारी झाल्यासारखी दिसली. कमरेची किल्ली त्यांना जड लागायला लागली.

"बोला ना, जावईबापू," त्या म्हणाल्या. "एरवी थांबत नाही तुम्ही."

जावई गुडघ्यावर बसला. उंचवट्यावर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. मग भिंतीकडे. पुन्हा मध्ये. "हिला कडेने कुणीतरी दाबलंय," तो हळूच म्हणाला. "हवेत ओल आली की लाकूड फुगतं. त्याला पसरायला जागा हवी, म्हणून भिंतीकडे फट ठेवतात. ती नाही मिळाली तर बिचारी जाणार कुठे? वर आली."

"म्हणजे जेवल्यावर पट्टा सैल करतात, तसं?" दीर म्हणाले.

"अगदी तसं, काका."

बाईंनी जवळची खुर्ची ओढली आणि बसल्या. खुर्ची नेमकी कपाटाकडच्या भिंतीला टेकली.

जावयाने दाराकडची पट्टी पटाशीने उचकटली. आत हात घातला आणि जादूगार रुमाल काढतो तशी तपकिरी कापडाची लांबच लांब गुंडाळी बाहेर ओढली. शेवटी शेवटी खिसा आला.

"ही तुमची ऑफिसची विजार," सून नवऱ्याला म्हणाली. "मी कपाटभर शोधत होते!"

"वाटलंच मला!" लेक उसळली. "मुद्दाम केलंस तू, दादा! दुकान औषधवाल्याच्या घशात घालायला!"

"मुद्दाम कशाला? पट्टी मारायला बसलो तर फट! आईने आपल्याला काय शिकवलंय लहानपणापासून?"

"ताई, उगाच आरोप करू नकोस," सून नवऱ्याच्या बाजूला सरकत म्हणाली. "ते बिचारे..."

तेवढ्यात खिडकीकडची पट्टी निघाली. आतून कागदांच्या सुरळ्या पडल्या. दिराने एक उलगडली, चष्मा लावला आणि टपालातलं पत्र वाचावं तशा आवाजात वाचलं, "निबंध अपुरा. अक्षर सुधारा. पालकांची सही आणा."

सून नवऱ्यापासून पुन्हा लांब सरकली. "मुंग्या येत होत्या," ती म्हणाली.

"आता दोघे मिळून!" लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एकाला भाडं हवंय, एकीला शिकवणी. आणि माझ्या नवऱ्याची यंत्रं गेली भंगारात!"

जावई स्वयंपाकघराकडच्या भिंतीशी पोचला होता. पट्टी उचकटली, आत बघितलं आणि तसाच बसून राहिला. मग त्याने तेलाने पिवळं पडलेलं एक फडकं वर धरलं. जमिनीला तेल लावायचं त्याचं स्वतःचं फडकं.

"मी हे महिनाभर शोधतोय," तो बायकोला म्हणाला.

लेकीचा हात कमरेवरून खाली आला. "मला वाटलं तू विसरलास," ती पुटपुटली. "आई ओरडेल तुला, म्हणून मी..."

थोरला एवढा हसला की त्याला भिंत धरावी लागली. सूनही हसली, आणि मग लेकसुद्धा, डोळे पुसत. "या घराला काय झालंय!" दीर म्हणाले. "जमीन घातली एकाने आणि तिचा गळा आवळला तिघांनी!"

जमिनीतून एक बारीक कुरकुर ऐकू आली. उंचवटा थोडा खाली बसला होता. पण थोडाच.

"अजून एक बाजू आहे," जावई म्हणाला आणि बाईंच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

बाई हलल्या नाहीत. त्याने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी त्याच्याकडे. मग बाई उठल्या आणि हाताने खुर्ची बाजूला सारली. "बघताय काय? काढा."

तो भिंतीकडे तोंड करून बसला, सगळ्यांकडे पाठ. पट्टी निघाली. बाईंना त्याचा खांदा हलताना दिसला, एक हात झपाट्याने खिशाकडे जाताना दिसला, पुन्हा भिंतीकडे, पुन्हा खिशाकडे. विजारीचा खिसा टम्म झाला. बाहेर लोंबणारा लाल ठिपका त्याने बोटाने आत ढकलला.

"इथे काही नव्हतं," तो उठत म्हणाला.

आणि मागे जमीन 'कट्ट' म्हणाली. सगळ्यांच्या देखत उंचवटा मुकाट्याने खाली गेला. दिराच्या पायाशी अडकलेलं संत्रं थरथरलं आणि जागेवर थांबलं.

जावई कानापर्यंत लाल झाला होता. थोरल्याने खिशाकडे बघितलं, मग आईकडे, आणि हसायची हिंमत न झाल्याने खोकायला लागला.

बाईंचं काहीही बिघडलं नसतं. कुणी विचारलं नसतं. विचारायची छाती कुणात होती? पण जावयाने आपल्यावर पांघरूण घालावं, आणि ते आपल्याच दुलईचं, हे त्यांना कसं सोसावं?

"काही नव्हतं," त्या म्हणाल्या, "तर जमीन कुणाला घाबरून खाली बसली? खिशातलं काढा बाहेर."

"आई, राहू द्या..."

"काढा म्हणते ना."

लाल ठिपक्यांच्या पट्ट्या एकेक करून बाहेर आल्या. लेकीने तोंडावर हात दाबला. "आपली दुलई!"

"हो, आपली दुलई. मी कोंबली. आता दात मिटा सगळ्यांनी." बाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि मधोमध, जिथे मघाशी डोंगर होता तिथे, जाऊन उभ्या राहिल्या. पायांनी चाचपलं. एका फळीवर टाच दाबली, दुसरीवर बोटं. मग कमरेला हात घालून किल्ली सोडवली. थोरल्याने तोंड उघडलं.

"तुझा औषधवाला दुसरीकडे जागा शोधेल, त्याच्या पायाला काही झालेलं नाही. आणि तुझ्या पोरांना, गं, उद्यापासून इथे बसव. या जमिनीवर बूड गार पडत नाही, कदाचित निबंध पुरे होतील." मग त्या जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, इकडे या आणि नीट ऐका. तुम्ही लाकडाशी तासन्‌तास बोलता आणि माणसांना एक वाक्य सांगत नाही. शिवाय खोटं बोलायला जाता आणि ते तुम्हाला जमत नाही. ते नाही जमलं तरी चालेल, गिऱ्हाईक त्यानेच टिकेल. पण पहिली खोड आजपासून बंद. यापुढे ज्या घरात जमीन घालाल, तिथल्या म्हातारीला आधी फट दाखवायची आणि ती कशाला ठेवलीय ते तोंडाने सांगायचं. नाही सांगितलंत तर ती बुजवणार. मी बुजवली, तीही बुजवणार. घ्या ही किल्ली. खालचं दार चौकटीला अडतं, ढकलू नका, जरा वर उचलून मग उघडा. बघा, मी आधी सांगितलं. असं सांगायचं असतं."